दादासाठी नऊ किलो

बुधवार, ५ मार्च
मापाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला घेतलं. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझा निश्चय.

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. जानेवारीपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर. वहिनींना शुगर, त्या बाद. तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहून मी म्हणालो, "किडनी मी देणार." वहिनी रडल्या. बायको माझ्याकडे बघतच राहिली. आमची धाकटी बहीण तेवढी काही बोलली नाही. पोस्टात टपाल वर्गवारीला आहे. सवयीनेच कमी बोलते.

आज रिपोर्ट आले. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मीच बसत नाही. वजन चौऱ्याण्णव. शुगर काठावर, कोलेस्टेरॉल काठाच्या पलीकडे. डॉक्टर म्हणाले, नऊ किलो उतरवा, ४ जूनला या, मग बघू. मी हसलो. एका दुपारात लोकांच्या पँटी चार-चार इंच आत घेणारा माणूस मी. नऊ किलो म्हणजे काय!

आहारतज्ज्ञ बाईंनी ओट्स सांगितले. त्यात बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं. पोटात त्याचा चिकट थर होतो, भूक उशिरा लागते, शुगर हळू चढते, कोलेस्टेरॉलही थोडं खाली येतं. सगळं लिहून घेतलं. पुढे त्या चालण्याबद्दल आणि बाकीचं खाणं कमी करण्याबद्दल काही म्हणाल्या, पण तेवढ्यात कागद संपला.

गुरुवार, ६ मार्च
दुकानात ओट्सचे तीन प्रकार. कापलेले, चपटे आणि इन्स्टंट. पहिले शिजायला अर्धा तास. इथे भावाच्या जिवाचा प्रश्न, अर्धा तास कुठला? इन्स्टंट घेतले. चॉकलेटचे. पाच पाकिटं.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ८
खाल्ले. वरचं चॉकलेट संपल्यावर खाली कॉलर कडक ठेवणाऱ्या बकरमला लावायची खळ लागते. पण भावासाठी माणूस खळही खाईल.

त्याच दिवशी, साडेदहा
भूक. बीटा-ग्लुकन या पोटात नवीन आहे, रुळायला वेळ लागणार.

मंगळवार, ११ मार्च
सुधारणा केल्या. मध तीन चमचे, कारण मध औषधी. केळी दोन. बदाम-अक्रोड मूठभर, चांगले फॅट्स. वरून साय, म्हणजे घशाखाली उतरतं. बायको म्हणाली, याला वाटी नाही, पातेलं म्हणतात. संसारात शब्दांना किती महत्त्व द्यायचं हे प्रत्येकाने ठरवावं.

शुक्रवार, १४ मार्च
प्रत्येक गिऱ्हाइकाला मापाबरोबर ओट्सची माहिती देतो आहे. आज एक जण फक्त बटण लावून घ्यायला आला होता. चाळीस मिनिटं थांबला. जाताना म्हणाला, बटणाशिवाय चालेल.

वजन केलं नाही. बाई म्हणाल्या होत्या, रोज काट्यावर चढू नका. मी त्यांच्यापेक्षा कडक. महिनाभर चढणारच नाही.

शुक्रवार, २१ मार्च
चिडचिड होते आहे. आमच्या दुकानात कापणारा दादा, शिवणारा मी. दादा मशीनवर असला की कापायचं माझ्या गळ्यात. काल एका कोटाची एक बाही पाऊण इंच आखूड कापली. आज दादाने कोट बघितला. खाली बसून स्वतः उसवायला लागला. डाव्या हाताची नस दोरखंडासारखी फुगली आहे, मशीनच्या सुया तिथेच टोचतात. सुईत दोरा ओवायला त्याला तीन प्रयत्न लागले.

दिवसाला तीन पेले पाणी, एवढीच त्याला परवानगी. मी चहा प्यायला लागलो की तो खिडकीबाहेर बघतो.

"कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"पँट ढिली व्हायला लागली," मी सांगितलं.

खोटं नाही. आदल्या दिवशी मागच्या शिवणीतली दीड इंच मार्जिन मी उसवून सोडली होती, पण ती तांत्रिक बाब झाली.

बुधवार, २ एप्रिल
माझ्या प्रचाराला यश! शेजारच्या बेकरीवाल्याने ओट्सची बिस्किटं काढली. सहा खाल्ली. सहज विचारलं, यात ओट्स किती? म्हणाला, चवीपुरते.

सुरुवात तर झाली.

रविवार, ६ एप्रिल
धाकटी आली होती. तिला दोन तास बसवून बीटा-ग्लुकन समजावलं. शेवटी म्हणाली, "अरे, मी अकरा वर्षं खाते आहे. पहाटेच्या पाळीला जायच्या आधी. पाण्यात शिजवून, चिमूटभर मीठ टाकून. दुपारपर्यंत भूक लागत नाही."

तिला सांगितलं, तू चुकीच्या पद्धतीने खातेस. मध नाही, साय नाही, अंगाला काय लागणार? काडी आहे नुसती. हसली. मग दादाबद्दल विचारत बसली. किती पाणी पितो, झोप लागते का, हात दुखतो का. मला ओट्सबद्दल एक प्रश्न नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, ८ एप्रिल
चालायला सुरुवात. सहाला उठलो, बूट घातले, बागेपर्यंत गेलो. परतीचा रस्ता बेकरीवरून जातो. याला मी काय करणार? रस्ते मी आखले नाहीत.

गुरुवार, १७ एप्रिल
आहारतज्ज्ञ बाईंनी बोलावलं. काटा म्हणाला, पंचाण्णव किलो दोनशे ग्रॅम. खिशात कात्री होती, ती काढून पुन्हा चढलो. पंचाण्णव.

बाई म्हणाल्या, ओट्समध्ये काय काय घालता ते सांगा. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मध्येच त्यांनी दुसरा कागद घेतला. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ओट्सची काही चूक नाही हो. त्यांच्या डोक्यावर एवढे पाहुणे बसवलेत, ते बिचारे काय करतील?"

आता: साधे चपटे ओट्स, अर्धी वाटी. पाणी किंवा साय काढलेलं दूध. अर्धं सफरचंद. मध नाही, साखर नाही, बिस्किटं तर नाहीतच, त्यातली साखर आणि लोणी ओट्स खाऊन टाकत नाहीत म्हणे. आणि रोज पाऊण तास चालणं.

अपमान झाला. भावासाठी जीव काढून द्यायला निघालेल्या माणसाशी असं बोलतात?

सोमवार, २८ एप्रिल
काय लिहू! जमतं आहे! दहा दिवस नुसते साधे ओट्स. खरोखर दुपारी बारापर्यंत भूक नाही. चाललो सुद्धा, बागेच्या मागच्या दाराने. आज वजन त्र्याण्णव किलो सहाशे. दादाला सांगितलं. त्याने खडू खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मंगळवार, २९ एप्रिल
दवाखान्यातल्या नर्सबाई बटणं लावायला ॲप्रन घेऊन आल्या, जाताना एक पुस्तिका ठेवून गेल्या. 'किडनी दात्यांसाठी माहिती.' दुपारी वाचली. चित्रं आहेत. कुठे छेद घेतात, नळी कुठे घालतात, किती दिवस वाकता येत नाही. दात्याचा जीव धोक्यात येणं फार दुर्मीळ आहे, असं लिहिलं आहे. दुर्मीळ हा शब्द मी तीनदा वाचला.

पुस्तिका अस्तराच्या गठ्ठ्याखाली ठेवली. गिऱ्हाइकांच्या हाती लागायला नको.

नंतर एकदम अशक्तपणा जाणवला. किडनी देणाऱ्याने अशक्त राहून चालत नाही. बेकरीतून लोण्याचे चार बन आणले.

शनिवार, ३ मे
अशक्तपणा आहेच. सायही पुन्हा सुरू केली, तात्पुरती.

मंगळवार, ६ मे
मशीनवरून येताना दादा दुकानाच्या पायरीवर खाली बसला. डोळे पांढरे. वहिनी ओरडत आल्या. पाचएक मिनिटांनी तो सावरला. मी बेकरीवाल्यावर ओरडलो, पायरीसमोर ट्रे कशाला ठेवतोस म्हणून. गिऱ्हाइकावर ओरडलो. इस्त्री गरम होत नव्हती, तिच्यावर ओरडलो.

घरी बायको म्हणाली, "भीती वाटत असेल तर तसं सांगून टाका. कोणी काही म्हणणार नाही."

भीती? मला? उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्याशी बोलणं बंद.

गुरुवार, ८ मे
बोलणं सुरू केलं. पातेलं सापडत नव्हतं.

सोमवार, १९ मे
कंबर बेचाळीस. गेल्या महिन्यात चाळीस होती. टेप जुनी झाली की ताणली जाते, त्यामुळे असं होतं. पण ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही, हे लिहिताना लक्षात आलं. काही असो, नवी टेप आणावी.

रविवार, १ जून
तीन दिवस राहिले. शेवटच्या टप्प्यात मुसंडी मारणारी माणसं असतात, मी त्यातला. आज फक्त ओट्स. उद्या फक्त ओट्स. परवा पाणी.

त्याच दिवशी, दुपारी ४
आज सोडून.

बुधवार, ४ जून
शहाण्णव किलो चारशे.

शुगर काठ ओलांडून पलीकडे. डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, आता तुमचीच तब्येत सांभाळा, दाते म्हणून तुमचं नाव आम्ही काढतो आहोत. मी वाद घातला. काटा चुकीचा, ओट्स चुकीचे, बाईंनी वेळेवर नीट सांगितलं नाही. ते ऐकत राहिले.

बाहेर आलो. जिना उतरताना पाय हलके वाटले. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. रस्त्यावर येईपर्यंत मी शीळ घालत होतो. लक्षात आलं तेव्हा थांबलो.

दुकानाच्या पायरीवर धाकटी बसलेली. मांडीवर फाइल. दादा नव्हता, काल मशीनवर खूप थकला म्हणून घरीच होता. तिने माझं तोंड बघितलं आणि विचारलंच नाही. म्हणाली, "मी तपासण्या करून घेतल्यात. एप्रिलमध्येच सुरू केल्या. माझी जुळते."

विचारलं, कधी कळलं?

"चौदा मे."

मग गप्प का बसलीस? म्हणाली, "दादा म्हणाला, 'चार जूनपर्यंत थांब. त्याने सगळ्यांसमोर शब्द दिलाय, त्याची तारीख होऊन जाऊ दे.' मी भांडले त्याच्याशी. ऐकेना."

ती गेल्यावर कॅलेंडर काढलं. चौदा मे ते आज. मंगळवार, गुरुवार, शनिवार. माझा मान राखायला दादा नऊ वेळा मशीनवर पडून राहिला.

दुपारी काही खाल्लं नाही. भूक नव्हती. याचा बीटा-ग्लुकनशी संबंध नाही.

शुक्रवार, ६ जून
काल दुकान उघडलं नाही. आज दादा आधीच येऊन बसला होता. कापडावर खडूने रेघ मारत होता. मी समोर उभा राहिलो. बरीच भाषणं तयार केली होती. तोंडातून निघालं ते असं, "दादा, मी घाबरलो होतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. रेघ पूर्ण केली. "मीही घाबरलोय. फक्त मला घाबरून कुठे जाता येत नाही."

मी म्हणालो, पहिल्याच दिवशी मला गप्प का नाही केलंस?

"तू हो म्हणालास ना, त्यानंतर कितीतरी दिवस मला शांत झोप लागली. तेवढं तरी तू दिलंसच की." आणि कात्री माझ्याकडे सरकवली. "हे काप आता. बाही मोजून."

दोनदा मोजली.

मंगळवार, २४ जून
ऑपरेशन झालं. दोघंही ठीक. नवी किडनी तिथेच टेबलावर काम करायला लागली, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी आत दादाजवळ, माझी बायको धाकटीजवळ. एका पेशंटजवळ एकच माणूस, असा नियम.

दाराशी नर्सबाईंनी विचारलं, तुम्ही कोणाचे?

म्हटलं, भाऊ.

कोणाचा?

दोघांचा.

त्यांनी वही बघितली. दोन्ही नावांपुढे माणूस लिहिलेला होता. म्हणाल्या, "मग तुम्ही बाहेर बसा. काही लागलं तर बोलावू."

संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसलो होतो. कोणाला काही लागलं नाही.