सूनबाईच्या बोटांचं श्रेय

११ मार्च
पाच महिने तेल मी चोळतेय आणि श्रेय मिळालं पोटातल्याला! अजून जगात आलं नाही, तर ही मिजास.

सूनबाईच्या बोटांचे सांधे तीन वर्षं सुजलेले. शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. आता सातव्या महिन्यात बाई सुईत दोरा ओवते, बरण्यांची झाकणं उघडते. गल्लीभर सांगून आले — माझ्या तेलाचा गुण! आज सांध्यांची डॉक्टरीण हसली. "आजी, तेल चोळा, पण काम बाळाचं आहे." अंगातली राखणदार फौज हिच्याच सांध्यांवर उलटली होती म्हणे. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे अंगाला परकंच. त्याला हुसकावू नये म्हणून फौज आपलं वागणं बदलते; झोपी मात्र जात नाही. त्यात पुष्कळ जणींच्या सांध्यांचीही सुटका होते.

परक्यासाठी एवढं! ही लग्न होऊन आली तेव्हा मी कपाटातला एक कप्पाही रिकामा केला नव्हता.

१२ मार्च
काल अर्धंच लिहिलं. डॉक्टरीण पुढे म्हणाली, बाळंतपणानंतर फौज पहिल्यासारखी. दुखणं बहुधा परत येणार. घरी येताना वाटेत सूनबाई एवढंच बोलली — "आई, मला बाळ उचलता येईल ना?"
"माझ्या लेकाला डोक्यावर बसवलंयस. त्याहून जड असणार आहे का ते?"

२० मार्च
बाळ उचलायची तालीम सुरू. चार किलो पिठाची पिशवी. बोटांनी धरायची नाही, कोपरापर्यंत हात खाली घालून उचलायची. पहिल्याच दिवशी फुटली! मुलगा दारात पांढराफटक. "हसतेस काय? आण झाडू," मी सूनबाईला म्हटलं. झाडू त्यानेच आणला.

२ एप्रिल
अंगड्यांची बटणं उसवली. बंदही नकोत, ताठ बोटांना गाठ सुटत नाही. चिकटपट्ट्या लावल्या. मशीनवर ती, जीभ माझी.

२६ मे
नात. तीन किलो. पिशवीपेक्षा हलकी!

६ जुलै
आलं दुखणं. सकाळी मूठ मिटेना. दूध पाजताना चालणाऱ्या गोळ्या डॉक्टरणीने आधीच ठरवलेल्या. लगेच सुरू. गुण यायला काही आठवडे. मी तेल काढलं.
"आई, याने काही होत नाही ना?"
"नाही. हात ऊन होतात. पुढे कर."

१९ ऑगस्ट
पोर रडली. माझा पाय नेमका मुरगळलेला, उठता येईना. सूनबाईने कोपरापर्यंत हात खाली घातले आणि — उचललीच! बोटं अजून ताठ, चेहरा जिंकलेला. म्हणजे सहा आठवडे तिला अडवत होतं ते दुखणं नव्हतं. मी होते, दर वेळी आधी धावणारी.

यापुढे पोर रडली की ओ तिच्या आईनेच द्यायची. कुणी मध्ये पडायचं नाही. मीसुद्धा.