शंभरात सत्तर

१४ मार्च

प्रिय बबडे,

तुला खूप खूप आशीर्वाद. इकडे ठीक आहे. माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घातल्यावर दुसरं काय होणार! आमचे सर अजून तसेच. चहा विसरतात आणि थंड झाला म्हणून कुरकुरतात.

परवा मावशी म्हणाली, आईला जाऊन दोन वर्षं झाली तरी तू स्वतःलाच दोष देतेस. आई आजारी असताना परीक्षेला चिकटून राहिलीस म्हणून. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले.

माझं काम तुला ठाऊक आहे. पेशींना हलायला लावणारा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन, असतो, त्याचं जनुक सगळ्यांतच असतं. जखम भरताना ते हवंच. पण कर्करोगाच्या गाठीत ते उतू गेलं, की पेशी घर सोडून अंगभर फिरायला निघतात. आम्ही रंग घालतो. रिसेप्टर असेल ती पेशी तपकिरी दिसते. शंभरात किती, ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं. काचेवर नाव नसतं, नुसता क्रमांक.

आईच्या गाठीचा क्रमांक मला तोंडपाठ होता. मी दहा लिहिले. सरांनी सत्तर.

"अगं, तुझी नजर कधी चुकत नाही. आज काय झालं?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय, सर."

शेजारी बसून पुन्हा मोजलं. सत्तरच होते.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला, "गाठ काढली, आता काळजी नाही. परीक्षा देऊनच ये."

तुला वाटलं असेल, ताईला कळलं नाही. मला कळलं होतं, बबडे. आणि परीक्षा हे निमित्त होतं. तू दारात आलीस की आई तुझीच व्हायची, मी आपली चहा टाकायला. आईचे ते शेवटचे चार महिने मला एकटीला हवे होते. तुझा फोन आला की मी "झोपलीय" म्हणायचे.

आई रोज विचारायची, "बबडी कधी येतेय गं?"

"तिला सवड नाही म्हणते."

"असू दे. शिकू दे तिला," म्हणायची आणि भिंतीकडे वळायची. तू पोचलीस तेव्हा तिची वाचा गेली होती. मी पलंगाशी उभी होते, तेव्हाही बोलले नाही.

सवड नाही असं तू कधी म्हणालीच नव्हतीस, हे आईला सांगायचं राहून गेलं. आता तुला सांगते. रागाव, हवं तितकं रागाव. पण स्वतःवर नको.

तुझी
ताई (अजून म्हणणार असशील तर)