दप्तर राहू द्या

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला काही विचारावं असं मला आज पहिल्यांदाच वाटतंय. तुम्ही होता तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. तुम्ही सांगायचात, मी मान डोलवायची, आणि पुढे जमेल तसं आपलं खरं करायची. आता सांगायला तुम्ही नाही, तर माझी ही अवस्था.

मी पुण्यात नाही. इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान शहरात येऊन तीनेक महिने झाले. इथल्या एका संस्थेत नोकरी मिळाली आहे. अडचणीतल्या घरांना पलंग, फ्रीज, मुलांना थंडीचे कोट मिळवून द्यायचे, असं संस्थेचं काम. अडचणीतली घरं म्हणजे इथलीच, गोऱ्या माणसांची. हे ऐकून तुम्ही मिशीत हसला असतात, आणि मग हसलात म्हणून स्वतःवरच चिडला असतात. अजून मला इथलं काही धड कळत नाही. ऑफिसात प्रत्येक जण पाळीपाळीने सगळ्यांसाठी चहा करतो. माझी पाळी कधी येते हे कुणी सांगत नाही आणि चुकली तर तेही सांगत नाही. माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक पत्रक दाखवून माझं मत विचारलं. मी मत दिलं. कसब्यात वाढलेल्या माणसाला मत विचारलं की तो मत देतो. बाई "छान, छान" म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलल्या. दुपारी चारला अंधार पडतो, तेव्हा मी खोलीवर जाऊन वरण-भात लावते आणि आपण नक्की कशाला आलो याचा विचार करत बसते.

माझं काम गोष्टी लिहिण्याचं आहे. त्या घरांत जायचं, त्यांचं ऐकायचं, लिहून काढायचं, सोबत फोटो. ते छापून लोकांकडे मदत मागायची. आता तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठे निघाले आहे ते.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी चौथीत होते. मुलींना दप्तर, गणवेश आणि वर्षभराच्या वह्या देणाऱ्या एका संस्थेच्या ताई आपल्या कसब्यातल्या खोलीवर फोटो काढायला येणार होत्या. तुम्ही नारायण पेठेतल्या बाइंडिंगच्या कारखान्यातून अर्धी रजा घेतलीत. तांब्यात निखारे घालून स्वतःच्या शर्टाला आणि माझ्या फ्रॉकला इस्त्री केलीत. जयंतीसाठी ठेवलेला तो फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी, पावडर. शेजारून दोन घडीच्या खुर्च्या आणल्यात आणि भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीखाली मला बसवलंत. ताई आल्या, बघून थबकल्या. मांडीवर दप्तर ठेवलं माझ्या. निळं, दोन चकचकीत बकलांचं. मग त्या म्हणाल्या, "अहो, असं नको. रोजच्या कपड्यांत असू दे तिला. बाहेर नळापाशी काढू या."

"रोजचे धुवायला टाकलेत," तुम्ही म्हणालात.

"बरं, मग खुर्च्या तरी काढा. तसबीर पण नको दिसायला. देणारे लोक परदेशातले आहेत हो, त्यांना कळायला हवं."

"ताई, तुम्ही मुलीचा फोटो काढायला आलात का गरिबीचा?"

त्यांनी बराच वेळ समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत, माझ्या मांडीवरून दप्तर उचललंत आणि त्यांच्या हातात दिलंत. "दप्तर राहू द्या. चहा घेऊन जा." बिचाऱ्या चहा न घेताच गेल्या. चार-आठ दिवसांनी तुम्ही बाइंडिंगच्या कापडाचं एक दप्तर शिवलंत, कारखान्यात वाया गेलेल्या कागदांच्या वह्या बांधल्यात. त्या दप्तराला खळीचा वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. वर्गात मी ते बाकाखाली ढकलून बसायची.

पुढे मात्र ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी खपवली, अप्पा. कॉलेजात, मोर्चात, मैत्रिणींच्या आयांसमोर. या नोकरीच्या मुलाखतीत "हेच काम का?" असं विचारलं, तेव्हाही हीच सांगितली. समोरच्या बाईंचे डोळे भरून आले. त्याच आता माझ्या वरिष्ठ.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर एका घरी गेले. एकटी बाई, दोन मुलं, फ्रीज बंद पडलेला. आम्ही येणार म्हणून तिने लिपस्टिक लावली होती, मुलीला टिकल्यांचा झगा घातला होता, टेबलावर फुलं ठेवली होती. वरिष्ठ बाईंनी कॅमेरा काढला, जरा घुटमळल्या, आणि अगदी नम्रपणे, तीन वळणं घेऊन सुचवलं की थोडं साधं असतं तर. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. शपथ सांगते, मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती बाई हसली. "कळलं," म्हणाली, बाहीनेच ओठ पुसले, मुलीला शाळेचा विटका स्वेटर चढवला, फुलं मोरीपाशी नेऊन ठेवली, आणि रिकाम्या फ्रीजचं दार उघडून त्याच्याशेजारी बसली. "आता जमेल?" फोटो उत्तम आला. निघताना मी दारात तिची माफी मागितली. तिला ते कळलंच नाही. "अगं, फोटोच तर आहे तो," ती म्हणाली. "फ्रीज खरा येणार ना?" फ्रीज चार दिवसांत आला. तिने आम्हाला भरलेल्या फ्रीजचा फोटो पाठवला, लिपस्टिक लावून. त्या दिवसापासून माझं गणित चुकलंय. तिला लाज नव्हती असं मला म्हणवत नाही. तुम्हाला गर्व होता असंही म्हणवत नाही.

त्यातच वरिष्ठ बाईंना कल्पना सुचली. या थंडीच्या पत्रकावर माझी गोष्ट घ्यायची. फोटो नाकारणारा बाप, आणि त्याची मुलगी आज इथे. तुमचा फोटो मिळाला तर फारच चांगलं. सोमवारी उत्तर हवंय. गरीब दिसायला नकार दिलात तुम्ही, आणि तोच नकार छापून पैसे मागायचे! मला हसूही आलं आणि संतापही. पण त्या पैशांतून पोरांना कोट मिळणार, हेही खरंच. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हेही मनात येऊन गेलं.

मी आईला फोन लावला. तुमचा एखादा फोटो पाठव म्हटलं.

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती की मेथी निवडत होती कोण जाणे.

"अगं, पण ते परत गेले होते ना," ती म्हणाली.

"कोण? कुठे?"

"तुझे अप्पा. त्या बाईंच्या ऑफिसात. मंडईच्या मागे कुठेतरी होतं. तू जेवत नव्हतीस धड, भिंतीकडे तोंड करून झोपायचीस. मग गेले एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, काढा फोटो, नळापाशी काढा, कुठे काढायचा तिथे काढा."

"मग?"

"मग काय? संपली होती दप्तरं. घरी आले, चहासुद्धा नको म्हणाले, आणि कापड घेऊन शिवायला बसले. तुला माहीत नव्हतं? मला वाटलं सांगितलं असेल त्यांनी. बरं, ठेवते, फोडणी जळतीय."

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठ बाईंना हेही सांगितलं. त्यांनी मान कलती करून ऐकलं. "फार हृदयस्पर्शी आहे," म्हणाल्या, "पण आपण त्याच्या आधीच थांबू या. वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल."

"माझाही झालाय," मी म्हटलं, "आणि मी तर त्यांची मुलगी आहे."

त्या परत हवेबद्दल बोलू लागल्या.

अप्पा, कसे गेला असाल तुम्ही? कसब्यातून मंडई काही लांब नाही, चालतच गेला असाल. ताईंच्या टेबलासमोर उभे राहिलात की बसा म्हणाल्या त्या? आणि "संपली" असं ऐकल्यावर तुम्ही काय म्हणालात? "असू दे, काही हरकत नाही" असंच म्हणाला असाल. तुमचा तो आवाज मला ऐकू येतो आणि मग मला इथे काही सुचेनासं होतं. तुम्ही आधी बरोबर होता की नंतर, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही वेळेला शर्ट मात्र इस्त्रीचा होता.

सोमवारी मी नाही म्हणणार आहे. कारण विचारतील, ते माझ्याकडे नाही. तुमची अब्रू म्हणावं तर त्या तुम्हाला देवच करायला निघाल्या आहेत. नोकरीचं काय होईल ते होईल. मला एवढंच कळतंय की अर्धे तुम्ही छापायला द्यायचे नाहीत, आणि पुरते कुणाला द्यावेत असं वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकणार, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. मला ते दप्तर फार हवं होतं. मी एका शब्दाने बोलले नाही, आणि माझ्या बापाला हे कळलंच नाही असं मी आजवर धरून चालले होते. लोकांना तुमचा अभिमान सांगताना आत कुठेतरी त्याचा रागही असायचा. तुम्हाला कळलं होतं, अप्पा. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.