पुन्हा घडत नाही

सोमवार, ४ मार्च

लागली! नोकरी लागली, आणि तीही कसली, तर दिवसभर गेम खेळायची. एका गुप्तहेराचे सहाच्या सहा सिनेमे मी आणि धाकट्या भावाने मिळून इतक्यांदा पाहिलेत की संवाद आधी आम्ही म्हणायचो आणि मग तो. आता त्याच्यावर बंदुकीचा गेम निघतोय. खेळणाराच गुप्तहेर, पडद्यावर आपले नुसते दोन हात आणि बंदूक. मी टेस्टर. म्हणजे बाजारात जाण्याआधी गेम खेळायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि लिहायच्या. चुका काढायचा पगार! धाकटा म्हणाला, ताई, हे तर तू फुकटातही केलं असतंस.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. राखाडी गालिचा, लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं. गेमची बातमी फुटू नये म्हणून इथे कुणीच खरं नाव वापरत नाही, सगळ्यांना पाखरांची नावं. ही साहेबांची हौस. ते स्वतः ससाणा. आवाजाचं काम बघणारी मैना. खुर्ची करकरते, पंखा वाजतो आणि खिडकी लागत नाही, अशा तीन तक्रारी मी पहिल्या दहा मिनिटांत केल्या, म्हणून मला टिटवी करून टाकलं. हसू आलं. घरी येऊन या वहीच्या पहिल्या पानावरचं माझं नाव जाड पेनाने गिरवून गिरवून खोडलं आणि वर टिटवी लिहिलं. हेरगिरी करायची तर नीटच करावी. तसंही आई गेल्यापासून मला नावाने हाक मारतंय कोण? धाकट्याची मी ताई, मावशीची सोने.

बुधवार, ६ मार्च

मला दूतावासाची लेव्हल दिली आहे. खिडकीतून आत शिरायचं, बोळातून जायचं, तिजोरीतला कागद उचलायचा. आतापर्यंत सापडलेल्या चुका: एक खुर्ची जमिनीपासून वीतभर वर तरंगते. राजदूतबाईंना सावली नाही. आणि आपण बंदूक वर धरली की गार्डांच्या बोलण्याची सुरुवात गिळली जाते. ‘थांब’मधला नुसता ‘ब’ ऐकू येतो, बोकड ओरडल्यासारखा.

बोळाच्या टोकाला टेबल आहे, तिथे गार्ड नंबर सात. समोर वही उघडी. चित्रकाराने तिच्यात नुसत्या रेघोट्या मारल्यात. आपण दिसलो की तो उठतो आणि ओरडतो, मार! कुणाला सांगतो बाबा? त्या बोळात दुसरं काळं कुत्रं नाही. हाही बग लिहिला; चुकीला इथे बग म्हणतात.

दुपारी एका गोल खोलीत उभं करून चाळीस कॅमेऱ्यांनी माझा चेहरा टिपला. गार्डांना चेहरे लागतात, म्हणून सगळ्यांचेच घेतात म्हणे. संमतीपत्र चार पानी. मी वाचायला लागले तर ससाणा घड्याळ बघायला लागला. केली सही.

शुक्रवार, ८ मार्च

डोकं फिरलंय. लिहिलेल्या बगवर वरच्या माणसाने स्वतः खेळून बघायचं असतं. चूक दिसली तर दुरुस्तीला पाठवायची, नाही दिसली तर ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून बंद करायची. ही रीत मला मान्य आहे. पण हा माणूस खुर्चीतून न उठता शेरा मारतो. तरंगती खुर्ची, पुन्हा घडत नाही. सावली, पुन्हा घडत नाही. गार्ड सात, पुन्हा घडत नाही. अहो, दिवसातून साठ वेळा घडतं, माझ्या शेजारी येऊन बसा की! तोंडावर बोलले. तो म्हणाला, टिटवी आहेस, ओरडणारच. बाकीचे फिदीफिदी हसले.

त्यात टेबलावरचा फोन. रोज पाऊण वाजता एक म्हातारीसा आवाज विचारतो, बाबू आहे का? पहिल्या दिवशी नीट सांगितलं की इथे कुणी बाबू नाही. आज पाचवी वेळ. आज मी खेकसले.

मंगळवार, १२ मार्च

मैनाला आज जेवणाच्या सुट्टीत धरलं. तिच्या यादीत गार्डांची तीनच वाक्यं आहेत: कोण आहे तिकडे, थांब, आणि काही नाही, वारा असेल. ‘मार’ तिने कुणाकडूनच वदवून घेतलेलं नाही. तिला हेडफोन दिले. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, हा खंड्याचा आवाज आहे.

खंड्या म्हणजे माझ्या आधीचा टेस्टर. याच खुर्चीत बसायचा. जानेवारीत न सांगता सोडून गेला. त्याचा चष्मा अजून माझ्या खणात आहे. भिंगं चांगली जाड आहेत. नजरेने इतका अधू माणूस चष्मा टाकून कुठे जाईल? त्याचं खरं नाव विचारलं तर कुणालाच माहीत नाही. आठ महिने मांडीला मांडी लावून बसले, एका डब्यातलं खाल्लं, आणि आता खांदे उडवतात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ससाण्याला विचारलं. तो म्हणाला, नाव काय करायचंय, काम चांगलं करायचा.

गुरुवार, १४ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

बंदूक खाली करायचं एक बटण आहे. कुणी वापरत नाही; गोळ्या घालायच्या गेममध्ये बंदूक खाली कोण करणार? मला सुचलं की सुरुवात गिळली जाते ती बंदूक वर असल्यामुळे. मग खाली केली तर?

केली. बोळातून चालत गेले. टेबलापर्यंत चौदा पावलं. सातवा उठला. आणि मी ते पूर्ण ऐकलं.

हाक मार. नावानं हाक मार.

तो ‘मार’ म्हणतच नव्हता. आठवडाभर तो माझ्याकडे बघून हाक मार, हाक मार म्हणत होता आणि मी दर वेळी त्याच्या छातीत गोळी घातली. मोजणी पडद्याच्या कोपऱ्यात असते. चारशे बारा वेळा.

ससाण्याला दंडाला धरून आणलं. तो बसला, बंदूक वर, ‘मार’, गोळी, संपलं. खाली करा म्हणून मी ओरडत होते. त्याने उठता उठता शेरा मारला. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला लिहू, पण भीतीपेक्षा राग जास्त आहे. त्या माणसाला आवाज ओळखता येत नाही असं नाही. त्याला ओळखायचा नाही.

शुक्रवार, १५ मार्च

हा फोन आधी खंड्याच्या टेबलावरचा, म्हणजे बाबू तोच असणार. पाऊण वाजता तो उचलला आणि आधी माफी मागितली. मग विचारलं, काकू, तुमच्या बाबूचं खरं नाव काय?  म्हणाल्या, असं कसं झालं, ओठावर आहे बघ. मग फोन ठेवून त्या त्याची शाळेची कंपासपेटी शोधायला गेल्या. झाकणावर त्याने कर्कटकाने नाव कोरलं होतं. वाचून दाखवलं. रडल्या.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं त्याच्याकडे राहू दे.

बंदूक खाली करून चौदा पावलं गेले आणि हेडफोनच्या माइकमध्ये जोरात हाक मारली. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. सातव्याने डोळे बारीक केले, चष्मा नसलेला माणूस करतो तसे. वही मिटली. माझ्या बाजूने निघून गेला. जिन्यावर पावलं वाजली, मग तीही थांबली.

टेबल रिकामं आहे.

सोमवार, १८ मार्च

काकूंचा फोन. तो घरी आला! शनिवारी दुपारी पायरीवर बसलेला सापडला. अनवाणी, अंगात गार्डांचा असतो तसा राखाडी कोट, आमचा नाही म्हणाल्या. फार बोलत नाही. पण जेवला.

मी ससाण्यासमोर जाऊन मनात येईल ते बोलले. कसाई म्हटलं. संमतीपत्र त्याच्या टेबलावर फाडलं. तो चिडला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला की बोळात गार्ड सात हवा, तिथली जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि चेहरा आमच्याकडे आहेच.

मी हसले. उद्यापासून येत नाही म्हणाले.

बुधवार, २० मार्च

काल गेले नव्हते. म्हणजे, घरून निघाले नव्हते. तरी दहा वाजता ऑफिसच्या खुर्चीत होते.

टेबलाशी गार्ड सात आहे. पाठमोरी. केस माझ्यासारखे वर बांधलेले. मानेवर माझा तीळ.

बग लिहिला: गार्ड सातला माझा चेहरा. पाच मिनिटांत शेरा आला. तोच.

गुरुवार, २१ मार्च

मैनाला म्हटलं, मला माझ्या नावाने हाक मार. ती म्हणाली, सांग की, काय नाव?

तोंड उघडलं. आलं नाही.

गाडीच्या परवान्यावर फोटो आहे. नावाच्या जागी रेघोट्या. धाकट्याला फोन केला. तो आधी हसला, ताई म्हणाला. म्हटलं, गाढवा, खरं नाव सांग.  मग रडवेल्या आवाजात म्हणाला, ताई, आठवत नाहीये गं. मावशीला विचार म्हटलं. मावशी नुसतं सोने, सोने करत राहिली.

आईला आठवलं असतं.

शुक्रवार, २२ मार्च

पहिलं पान उजेडात धरलं. शिसपेन घासून पाहिली. पाण्याचा थेंब टाकून पाहिला. काही नाही. मनापासून खोडलं होतं मी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याचे हात तोडले असते.

मैनाला सांगून ठेवलंय. तिला सगळं सांगितलंय, बंदूक खाली करायची, चौदा पावलं, थांबायचं, ऐकायचं. पण हाक काय मारणार ती?

ऑफिसच्या बोळातून बाहेर निघाले. पावलं मोजली. चौदा —

सोमवार?

दारं सारखी आहेत. उघडली. मागे भिंत. सगळ्यांच्या मागे भिंत.

राग येतोय. बरं आहे. राग आहे तोवर मी आहे —

तारीख नाही

हे टेबल माझं नाही. वहीसुद्धा — वहीत आधीच्याने लिहिलंय. आईचा फोन नंबर. पाऊण. पाऊण. पाऊण. रेघोट्या नव्हत्या त्या.

पुन्हा

दिवस मोजत नाही. गोळ्या मोजते. नव्वद. छातीत दर वेळी तितकंच —

दर वेळी उठते. ओरडते. माझंच मला अर्धं ऐकू येतं.

पुन्हा

माझ्या खुर्चीत कुणीतरी नवीन बसलंय. मुलगी आहे. हसतेय. नोकरी लागल्याचा आनंद. तिलाही पाखराचं नाव दिलं असेल मेल्याने.

येतेय. दहा पावलं. बंदूक वर.

अगं खाली कर ना — बटण आहे — घाई करू नकोस, आधी ऐक, पूर्ण ऐक — हाक मार, मला हाक मार, माझं नाव