बसमधलं तेहतिसावं माणूस

चिमणे,

सुट्टीत तुझ्या आईला समुद्र दाखवायला आणलंय. आज सहलीच्या बसनं दीपगृह, किल्ला, खडकातली गुहा, सगळं पाहून झालं. परतताना मी ओरडलो, "थांबवा! सकाळी तेहतीस होते, आता बत्तीस!" रिटायर झालो तरी कंडक्टरची खोड जात नाही, डोकी मोजतोच. गाइडनं यादी वाचली, तर बत्तीसच नावं. लोकांनी मला वेड्यात काढलं. तुझी आई हळूच म्हणाली, "अहो, आपण दोघंच आलोय. तुम्ही तिला धरून मोजलंत."

तीस वर्षांत एकही प्रवासी मागे सोडला नाही मी. तू लग्न करून आलीस, तेव्हा तुला मात्र दारातूनच परत पाठवलं.

तुझा पत्ता आईकडे आहे. मागायला जीभ रेटत नाही.

तुझा बाबा