सोळा पानं

२ एप्रिल २००७
चेन्नईत पाय ठेवला आणि घामाने आंघोळ झाली, पण मी खुशीत आहे. मैलापुरात दोन खोल्या मिळाल्या, खाली मेस. कंपनीचे मालक सुंदर सर तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी ऐकताना जुनी बखर वाचतोय असं वाटतं, आणि माझं साताऱ्याचं ऐकून ते गालात हसतात. कंपनीत आम्ही इनमीन सहा माणसं. जूनमध्ये बायको अर्चना आणि लेक मुक्ता येतील. मुक्ता तोवर दहा महिन्यांची होईल.

५ एप्रिल
ओरगडमच्या कारखान्यात गेलो. गाड्यांचे पत्रे दाबणारा मोठा प्रेस आहे, त्यावर आमचा कॅमेरा. साच्यात हात दिसला की कॉम्प्युटर प्रेस थांबवतो. तक्रार अशी, की हात नसतानाही प्रेस थांबतो, एका शिफ्टमध्ये आठ-दहा वेळा. महिनाअखेर दुरुस्त झालं नाही तर काम गेलं, आणि कामाबरोबर आम्ही सहाही. ऑपरेटर शेषगिरी म्हणाला, हे कॉम्प्युटरचं मशीन दोन वर्षांत एकदाही बंद केलेलं नाही. ते कुणी करूच देत नाही.

११ एप्रिल
सापडलं! कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातला प्रोग्रॅम, मेमरीची पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, सारखी इकडची तिकडे हलवत असतो. कॅमेऱ्याचं कार्ड मात्र थेट पानावर लिहितं, म्हणून ती पानं एका जागी खिळवून ठेवावी लागतात आणि काम झालं की सोडायची. माझ्या आधी हे काम करणाऱ्या गिरीधरने सोळा पानं खिळवली ती सोडलीच नाहीत. दोन वर्षं तशीच! असा वेंधळेपणा मी विद्यार्थ्यालाही माफ केला नसता.
पानांत काय आहे ते उघडून पाहिलं. एक हात. मनगटापर्यंत, अनामिकेत तांब्याचं वळं. अधूनमधून हाच दिसून प्रेस थांबत असणार.

१२ एप्रिल
सुंदर सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, गिरीधर चाचणीच्या दिवशी साच्यात वाकला होता आणि प्रेस खाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. तेव्हापासून त्या प्रेसवर कुणाला साधं खरचटलंही नाही. शेषगिरीचं म्हणणं, गिरीधर सारच प्रेस थांबवतात.
मला वाईट वाटलं. पण कीव करून पानं मोकळी होत नाहीत.

१३ एप्रिल
सोडली. मी कमांड देताना शेषगिरी मागे उभा राहून “वेंडाम सार, वेंडाम” म्हणत होता. नको म्हणे. दिवसभरात प्रेस एकदाही थांबला नाही. मॅनेजरने पाठ थोपटली. शेषगिरी जेवला नाही.

१९ एप्रिल
शेषगिरीची दोन बोटं गेली.
प्रेस थांबला नाही. चूक माझी आहे, इथे तरी स्पष्ट लिहितो. पानं सोडण्याआधी कार्डाला थांबवायला हवं होतं. मी गृहीत धरलं की ते नव्या पानांवर लिहितंय. ते जुन्याच पानांवर लिहीत होतं, आणि ती पानं कर्नलने केव्हाच दुसऱ्यांना वाटून टाकली होती. शेषगिरीचा हात कॅमेऱ्याने पाहिला, पण तो पोचला भलतीकडे.
दवाखान्यात त्याच्या बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

२० एप्रिल
मशीन बंद केलं. वायरही उपटली. मॅनेजरला द्यायचा अहवाल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिला, त्या मशीनशी याचा काडीचा संबंध नाही. छापून आला तेव्हा तिसऱ्या पानावर फिकट करडा हात होता. वळं घातलेला.

२२ एप्रिल
अर्चनाने मुक्ताचा फोटो पाठवला. मुक्ताच्या खांद्यावर हात आहे. मनगटाच्या पुढे काहीच नाही. फोन केला तर अर्चना हसली, म्हणाली तुझाच असेल, मागच्या वेळचा. मी वळं घालत नाही. तिला बजावलं, चेन्नईला यायचं नाही. का ते विचारत राहिली. काय सांगू?

२४ एप्रिल
सगळीकडे आहे. मेसच्या बिलावर. भर दुपारी आरशात, माझ्या हाताशेजारी. सुंदर सर म्हणाले, दोन वर्षं तो एका ठिकाणी तरी होता —
मीच त्याला मोकळं —

२६ एप्रिल
मशीन परत चालू करून त्याला पुन्हा खिळवायचा प्रयत्न केला. कुठलं पान? सगळीच —

२८ एप्रिल, सकाळ
अर्चना आली. माझा फोनवरचा आवाज ऐकून राहवलं नाही म्हणाली, मिळेल ती गाडी धरून आली. रागावू की तिला जवळ घेऊ, कळेना. रडलो मात्र.
ती आत चहा करतेय. मुक्ता चटईवर. मूठ घट्ट मिटलेली, मधे बोटाएवढी पोकळी. कुणाचं तरी बोट धरावं तशी. हसतेय. माझ्याकडे बघून नाही.

तिची मूठ सोडवली. त्या पोकळीत माझं बोट घातलं, मग सुटली. ती मोकळी आहे. रांगत दाराकडे गेली.
माझा उजवा हात चटईवरच आहे. उचलता येत नाही. वजन नाही, दुखत नाही, फक्त हलत नाही, खिळवलेल्या पानासारखा. डाव्या हाताने लिहितोय. आता खांदाही —
अर्चनाला हाक मारायची नाही. ती माझा हात धरून ओढेल आणि मग तीही —
कपबश्या वाजल्या. येतेय.
अर्चना, हात लावू नको, मुक्ताला घे आणि