डोळे मिटून चालता येईल असे घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बँकेच्या लॉकर विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून माझ्याकडून काही लिहवून घेणारा माणूस तर अजून जन्माला यायचा आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचे चित्र काढून घेतले. सगळे जमले. जे जमत नाही ते त्यांनी विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. ते कलम पाचमध्ये येईल. पूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले सापडल्यास रद्द समजावे. वकीलबाई म्हणतात, हे लिहावेच लागते.

कलम एक. राहते घर, दुसरा मजला, तीन खोल्या व गॅलरी, माझ्या मुलाला आणि सुनेला समसमान. घराच्या दुरुस्तीसाठी मुलाने काढलेले कर्ज अजून चालू आहे व ते त्याच्याच नावावर आहे. हे लिहिताना मला शरम वाटते. आईने घर द्यावे, घराबरोबर हप्ते देऊ नयेत. ते फेडण्याची तजवीज मी केली होती. ती आता नाही.

कलम दोन. बँकेतील ठेवीतून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते एकट्या सुनेचे, मुलाने त्यात नाक खुपसू नये. मांडीचे हाड मोडून मी अंथरुणात होते तेव्हा तिने मला उचलून न्हाऊ घातले, आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही. मी तिच्या जागी असते तर घातली असती.

कलम तीन. शिवणयंत्र नणंदेकडे आहे. ते तिच्याकडेच राहू द्यावे, परत मागू नये. मात्र ते उसने नेले होते, भेट नव्हते, हे चार माणसांत तिला एकदा मोठ्याने सांगावे.

कलम चार. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी दिलेले मनगटी घड्याळ साहेब हयात असल्यास त्यांना परत करावे. ते पंधरवड्यात बंद पडले. साहेब मला शेवटपर्यंत ‘चावीवाली’ म्हणत. तळघरातल्या तीन भिंतींवर कोणता लॉकर कोणाचा, हे मला न बघता सांगता येई, कारण मी प्रत्येक माणसाचा चेहरा त्याच्या लॉकरच्या जागी मनात बसवून ठेवला होता. साहेबांना रजिस्टर उघडावे लागे. किल्ल्यांना तेल घालायची माझी लांब नळीची तेलदाणी घराच्या दुरुस्तीचे लाकूडकाम केलेल्या सुतारांना द्यावी. त्यांनी बसवलेले मधले दार अजून करकरते.

कलम पाच. आता क्रिप्टोविषयी.

वकीलबाई म्हणाल्या, “हे कलम नको. जे तुमच्या हातातच नाही ते देणार कसं?”

मी म्हटले, “द्यायचं नाहीये. शोधू नका, एवढंच सांगायचंय.”

माझ्या बहिणीचा मुलगा, ज्याला मी चार्जर म्हणते (दारात पाय ठेवल्याबरोबर “मावशी, चार्जर आहे का?” हेच विचारतो), त्याने निवृत्तीनंतर मला बिटकॉइन घ्यायला शिकवले. पेन्शनमधून थोडे थोडे घेत गेले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली: इथे कोणी कारकून बसलेला नसतो. माणूस गेल्यावर त्याचा लॉकर उघडताना मी उभी राहिलेली आहे. सख्खी भावंडे एका बांगडीसाठी एकमेकांच्या अंगावर धावलेली पाहिली आहेत. किल्लीला चिठ्ठी बांधून तीवर लॉकरचा नंबर लिहिणारे शहाणेही पुष्कळ पाहिले. तेव्हापासून कागदावर माझा विश्वास नाही.

नाणी एका लहान यंत्राच्या आधाराने सांभाळायची असतात, त्याला वॉलेट म्हणतात. यंत्र हरवले किंवा मोडले तरी बिघडत नाही. सुरुवातीला ते चोवीस शब्द देते. ते शब्द क्रमाने सांगितले की नवीन यंत्रात सगळे परत येते. ज्याच्याकडे शब्द, त्याची नाणी. चार्जरने बजावले होते, “फोटो काढायचा नाही, फोनमध्ये ठेवायचं नाही, कोणी विचारलं तर सांगायचं नाही. कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. नाहीतर पत्र्यावर कोरून घे.” पहिल्या तीन गोष्टी मी ऐकल्या. चौथी ऐकून हसले आणि शब्द पाठ झाल्यावर कागद गॅसवर जाळला.

पाठ करायची माझी पद्धत तळघरातलीच. तिथे भिंतीवर माणसे बसवली होती, इथे घरात शब्द बसवले. बाहेरच्या दाराच्या कडीला माकड लोंबकळत होते. चपलांच्या फळीवर शिडी. कपाटाच्या चार कप्प्यांत चार शब्द. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर गाढव आडवे. ओट्याखालच्या सुट्या फरशीमागे यंत्र लपवले होते, त्या फरशीवर छत्री. दारापासून गॅलरीपर्यंत मनातल्या मनात एक फेरी मारली की चोवीस शब्द हात जोडून उभे. (ही चारच उघड केली आहेत, बाकीची जी आठवतात तीही लिहिणार नाही. सवय जात नाही.) मुलाला एक दिवस हाताला धरून घरभर फिरवायचे आणि एकेक जागा दाखवायची, असे ठरवले होते. त्याला सुट्टी मिळत नव्हती आणि मला घाई नव्हती.

मग त्याच गाढवाच्या उंबरठ्याला अडखळून मी पडले.

हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या रोज फेरी मारीत असे. एकही शब्द जागचा हलला नव्हता. इकडे मुलाने माझ्या नकळत कर्ज काढले आणि घर मुळापासून बदलले. उंबरठे काढले, घसरणार नाही अशी फरशी घातली, भिंतींना धरायला दांडे लावले, कपाट काढून माझ्यासाठी मोकळी वाट केली, ओटा माझ्या उंचीला आणला. मी घरी आले तेव्हा त्याने माझी चाकांची खुर्ची दारातच थांबवली. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी चित्र दाखवायला आणायचा तसा आनंद होता.

“आई, आता डोळे मिटून चाललीस तरी कुठे अडखळणार नाहीस.”

मी म्हटले, “छान केलंस रे.” आणि खरोखरच छान केले होते. मुला, हे वाचताना तू हे वाक्य पुन्हा वाच.

फरशीमागचे यंत्र राडारोड्याबरोबर गेले. गवंड्याला विचारले, मागे काही सापडले का? “झुरळं सापडली, बाई,” तो म्हणाला. त्याचे मला काही वाटले नाही. यंत्राचे काय, शब्द होते. ते मात्र हळूहळू गेले. डोळे मिटले की मला नवीनच घर दिसू लागले. कडीच्या जागी नवे कुलूप, त्यावर माकड जेमतेम टिकले; पुढचे टिकेनात. पहिला शब्द गेला तेव्हाच बाकीचे लिहायला हवे होते. वाटले, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला.

जुने फोटो काढून बसले. सगळे वाढदिवसांचे, आणि प्रत्येकात तुम्ही सगळे नेमके कपाटापुढे उभे! हसताय, खांद्यावर हात टाकलेत, आणि मागचा एक कप्पा दिसेल तर शपथ. सूनबाई म्हणाली, “आई, किती माया आहे तुम्हाला या फोटोंवर.” मी तिला काय सांगणार?

सुतारांच्या कारखान्यातही गेले. म्हटले, आमचे जुने लाकूड बघायचे आहे. ते म्हणाले, “बाई, तुमच्या कपाटाची दोन दारं निघाली. एक गेलं, एक हे उभं आहे.” मी त्या दारासमोर उभी राहिले आणि खालच्या कप्प्यातला शब्द आला. रडू फुटले. सुतारांना वाटले, कपाटासाठी रडते आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिले आणि चहा मागवला. भला माणूस आहे, दार करकरते तरी.

तो धरून माझ्याकडे दहा शब्द आहेत. चार्जरला विचारले, तेव्हा तो बराच वेळ चार्जर मागायचे विसरला. “मावशी, दोन-तीन गेले असते तर मशीन लावून शोधले असते. चौदा म्हणजे... सोडून दे.” नाणी आहेत तिथेच आहेत. त्याच्या फोनवर मला अजूनही आकडा दिसतो. कर्ज फिटून घरात पुष्कळ उरेल एवढा आहे. बघता येते, हात लावता येत नाही. काचेच्या आतल्या वस्तूसारखे आहे ते.

कलम सहा. मी गेल्यावर चार्जरच्या तोंडून हे कधीतरी निघेलच, म्हणून मला हे सगळे लिहावे लागले. नाहीतर मी तोंडाला कुलूप लावूनच गेले असते. हे कळले की लोक दारात येतील. चार्जरने कुठेशी चौकशी केली, तेवढ्यावर एकाचा फोन मला आलाच होता: “आजी, आठवतात तेवढे शब्द सांगा, बाकीचे आमचं सॉफ्टवेअर जुळवतं. फी तेवढी आधी.” मी म्हटले, “बाळा, मी जन्मभर दुसऱ्यांच्या किल्ल्या सांभाळल्यात. तू कुठल्या दुकानात शिकलास?” त्याने फोन ठेवला. तुमच्याशी तो जास्त गोड बोलेल. असल्या कोणालाही एक पैसा देऊ नये, एक शब्द सांगू नये. भिंती उकरू नयेत, फरशी उचलू नये. घरात काही नाही. घरात कधीच काही नव्हते; जे होते ते माझ्या डोक्यात होते आणि तिथून गेले.

कलम सात. हे कलम मुलासाठी आहे. यात मालमत्ता नाही.

तू हे वाचून स्वतःला बोल लावून घेशील. तुला मी ओळखते. शाळेत दुसऱ्याने फोडलेल्या काचेसाठीही तू रडत घरी आला होतास. मी कितीही लिहिले, तुझा दोष नाही, तरी तू हप्ता भरताना दर वेळी त्या कपाटाची आठवण काढशील. ते थांबवायची सोय माझ्याकडे नाही. वकीलबाईंकडेही नाही, मी विचारले. मला वाटले होते, तुझ्या डोक्यावरचे ओझे उतरवून जाईन. ते तिथेच ठेवून, वर हे आणखी एक ठेवून जाते आहे. मला याचे फार वाईट वाटते. याहून चांगले काही लिहिता आले असते तर लिहिले असते.

कलम आठ. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. त्यांची फी दिलेली आहे. पावती नव्या कपाटात, वरच्या खणात. होय, कागदावर.

नोंद. हे वाचून दाखवल्यावर वकीलबाईंनी विचारले, सही पलंगावर करता की टेबलाशी? मी म्हटले, टेबलाशी. साक्षीदार आधार द्यायला उठले, त्यांना बसवले. डोळे मिटले आणि पलंगापासून मधल्या दारातून बाहेरच्या टेबलापर्यंत एकटी चालत गेले. दांड्याला हात लावला नाही. मुला, तू म्हणाला होतास ते खरे आहे. मी कुठेही अडखळले नाही. वाटेत काहीच नव्हते.

लिहून देणार: (सही) मुलाची आई, बँकेची चावीवाली

साक्षीदार पहिले: (सही) शेजारच्या निवृत्त परिचारिका. बाईंना चालताना मी समक्ष पाहिले.

साक्षीदार दुसरे: (सही) बाईंच्या बँकेतील जुने रोखपाल. मीही पाहिले. डोळे मिटलेलेच होते.

स्थळ: राहत्या घरी, बाहेरच्या खोलीत

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच